गच्चीवर सौर यंत्रणा: कुटुंबे हा निर्णय का घेतात?

‘प्रधानमंत्री सूर्यघर: मोफत वीज योजना’ हे नाव वाचताना बहुतेकांची नजर ‘मोफत’ या शब्दावर थांबते. त्याचा अर्थ आधी नीट समजून घ्या. या योजनेत सरकार तुमचे वीजबिल भरत नाही किंवा माफही करत नाही. तुमच्या छतावरची यंत्रणा जेवढी वीज तयार करते, तेवढी तुमच्या वापरातून वजा होते. यंत्रणा बसवण्याच्या खर्चाचा काही भाग केंद्र सरकार अनुदान म्हणून देते. महिन्याला ३०० युनिटपर्यंत मोफत वीज म्हणतात ती या अर्थाने. त्यामुळे आपल्या घराला हे परवडेल का, हे ठरवायचे असेल तर मागच्या १२ महिन्यांची बिले समोर घेऊन बसा.

योजनेची घोषणा १३ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. १ कोटी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसवणे हे तिचे उद्दिष्ट आहे.

बिलातले महागडे युनिट

घरगुती विजेचा दर बहुतेक राज्यांत टप्प्यांनुसार वाढतो. महाराष्ट्रात १०० युनिटपर्यंतचा पहिला टप्पा, नंतर ३०० पर्यंतचा, त्यानंतर ५०० पर्यंतचा आणि त्यापुढचा अशी रचना आहे. टप्पा वरचा, तसा प्रत्येक युनिटचा दर जास्त. सौर यंत्रणेची वीज वजा होते ती वरच्या टप्प्यापासून, म्हणजे सर्वांत महाग युनिट सर्वांत आधी कमी होतात. कुटुंबे या यंत्रणेकडे वळतात त्यामागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

उदाहरण घ्या. तुमच्या घरी महिन्याला सरासरी २८० युनिट वापर आहे आणि तुम्ही २ किलोवॅटची यंत्रणा बसवली. १ किलोवॅटमागे स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज मिळते. २ किलोवॅटमधून २०० ते २४० युनिट मिळतील. उरलेले ४० ते ८० युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात येतील. मात्र स्थिर आकार द्यावाच लागतो, म्हणून बिल अगदी शून्य होईल असे धरून चालू नका.

आता महिन्याला ६०-७० युनिट वापरणारे घर पाहा. त्याचा सगळा वापर आधीच स्वस्त टप्प्यात आहे. काही राज्यांत तर पहिल्या युनिटांवर वेगळी सवलत मिळते. अशा घरात बचत होते, पण घातलेले पैसे सुटायला बराच काळ लागतो. अशा ग्राहकांनी राज्य सरकारचे जादा अनुदान मिळते का, हे आधी पाहावे. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या कुटुंबांसाठी ‘स्मार्ट’ ही स्वतंत्र योजना आहे.

खिशातून किती जातात?

केंद्राचे अनुदान पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये आहे. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांसाठी ही रक्कम १० टक्के जास्त आहे. अनुदान ज्या आधारभूत किमतीवर काढले आहे, त्यानुसार ३ किलोवॅटचा खर्च १,४५,००० रुपये होतो. तो धरला तर तुमच्या वाट्याला ६७,००० रुपये येतात. प्रत्यक्षात विक्रेत्यागणिक दर बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रक घ्या.

अनुदान नंतर मिळते, ही गोष्ट घरच्या हिशेबात धरा. यंत्रणा चालू होऊन तपासणी झाल्यावरच रक्कम बँक खात्यात जमा होते. तोपर्यंतची सोय तुम्हाला करावी लागते. ३ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तारण न ठेवता कमी व्याजाचे कर्ज मिळते. हप्ता आणि बिलातली बचत यांची रक्कम जवळपास जुळत असेल, तर घरखर्चावर वेगळा भार पडत नाही.

वीज गेली तर दिवे चालू राहतील का?

बहुधा नाही. नेमकी याच बाबतीत अनेकांची निराशा होते. योजनेतील नेहमीची यंत्रणा वीजवाहिनीला जोडलेली असते आणि तिला बॅटरी नसते. पुरवठा बंद झाला की तिचा इन्व्हर्टरही आपोआप थांबतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला तुमच्या छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही रचना असते. बाहेर लख्ख ऊन असले तरी घरातला पंखा बंदच राहील. भारनियमन हीच तुमच्या गावाची मुख्य अडचण असेल, तर बॅटरीसह चालणाऱ्या यंत्रणेची चौकशी करा. तिचा खर्च अर्थातच वाढतो.

वीजवाहिनीशी जोडणी असण्याचा फायदा पावसाळ्यात कळतो. कोकणात जुलैमध्ये आभाळ दिवसचे दिवस भरलेले असते, तेव्हा निर्मिती बरीच घटते. एप्रिल-मेमध्ये जास्त झालेली वीज नेट मीटरमधून वीज वितरण कंपनीकडे गेलेली असते आणि ती पुढच्या बिलांत वळती होते. वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे काय करायचे, हे त्या-त्या राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. विकून मोठी कमाई होईल या आशेने गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेऊ नका.

शेजारच्या छताचाही प्रभाव असतो. गुजरातमधील मोढेरा गावात हजारावर घरांवर १ किलोवॅटच्या यंत्रणा बसल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते सौर गाव म्हणून जाहीर झाले. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे महाराष्ट्रातले पहिले सौरग्राम. आकडेवारीपेक्षा ओळखीच्या घरातले बिल लोकांना लवकर पटते, आणि त्यात वावगे काही नाही. फक्त त्यांचा वापर आणि तुमचा वापर सारखा आहे का, ते तपासा.

छत आणि सावली

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, नारळाचे झाड किंवा शेजारची इमारत यांची सावली सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात कुठे पडते, ते स्वतः पाहा. पॅनेलच्या थोड्या भागावर सावली आली तरी निर्मिती लक्षणीय घटू शकते. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची संमती लागते. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, स्वतःचे छत नसल्यामुळे, या योजनेचा लाभ घेणे अवघड जाते.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो. विक्रेता नोंदणीकृत यादीतूनच निवडा आणि पॅनेल भारतात तयार झालेल्या सौर सेलची आहेत याची खात्री करा, नाहीतर अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते, ती करारात लिहून घ्या. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज नाही.

अर्ज भरण्यापूर्वी बिलावरचे नाव पाहून घ्या. अनेक घरांत मीटर अजून आजोबांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असते. वीजबिल आणि बँक खाते यांवरील नाव अर्जदाराच्या नावाशी जुळत नसेल तर अर्ज अडतो. त्यामुळे वीज वितरण कंपनीकडे नावबदलाचा अर्ज आधी करा आणि विक्रेत्याला आगाऊ रक्कम त्यानंतरच द्या.