घड्याळ नसलेल्या खेळात घड्याळ

वाचकहो, खो-खोचा सामना पाहायला तुम्ही मैदानाच्या कडेला कधी उभे राहिला असाल, तर टेबलाशी बसलेला वेळाधिकारी तुमच्या ध्यानात असेलच. हातात घड्याळ, नजर घड्याळावर, आणि पळणारा गडी बाद झाला की शेजारच्या गुणलेखकाला मिनिटे-सेकंद सांगायची, हे त्याचे काम. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम लेखी बांधले. आज आपण वर्तमानपत्रात वाचतो, ‘अमुक संघ एका गुणाने व चार मिनिटे राखून विजयी.’ मिनिटे राखून जिंकणे ही कल्पना आपल्याला इतकी सवयीची आहे की तिच्यात काही नवल वाटत नाही. ज्या खेळात घड्याळ मुळापासून आहे, तिथे वेळेवरून भांडण सहसा होत नाही. घड्याळ सगळ्यांना दिसत असते, आणि सगळे त्याच्याच हिशेबाने पळत असतात.

पण ज्या खेळात घड्याळ नव्हतेच, त्यात ते मागाहून आणून बसवले तर काय होते? आज मी तुम्हाला अशाच एका खेळाची हकीकत सांगणार आहे. तो खेळ अमेरिकेतला आहे. सॉफ्टबॉल त्याचे नाव. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही तो आता खेळला जातो, तेव्हा नाव अगदीच अनोळखी नसावे.

सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. म्हणून आधी थोरलीबद्दल दोन शब्द. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाने १८४५ साली बेसबॉलचे नियम लिहून काढले, तेव्हा जो संघ आधी एकवीस धावा करील तो जिंकला, असा साधा हिशेब होता. मग अर्ध्या तासात एकवीस होवोत की दिवस मावळेपर्यंत न होवोत! ते गैरसोयीचे झाले म्हणून १८५७ साली नऊ डावांचा सामना ठरला. प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन गडी बाद व्हायचे. म्हणजे एका संघाचे सत्तावीस गडी बाद होईपर्यंत सामना चालायचा. त्याला किती वेळ लागेल, हे कोणीच सांगू शकत नसे. मोजायचे ते बाद गडी. वेळ मोजायचा नाही.

या मोजणीची वही ज्याने घडवली तो गृहस्थ मूळचा इंग्रज आणि क्रिकेटचा वार्ताहर, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. हेन्‍री चॅडविक त्याचे नाव. १८२४ साली एक्सिटरला जन्म, पोरवयात अमेरिकेला प्रयाण. क्रिकेटच्या धावपत्रकावरून त्याने बेसबॉलचे पत्रक तयार केले, खुणा ठरवल्या. चेंडू हुकवून बाद झालेल्या गड्यापुढे अमेरिकन गुणलेखक आजही ‘के’ हे अक्षर लिहितात, ती खूण चॅडविकचीच. त्या वहीत धाव, बाद, चूक, सगळ्यांना घरे होती. फक्त घड्याळाला घर नव्हते, आणि त्याची कोणाला उणीवही भासली नाही. अंधार पडला की खेळ थांबे. सूर्य हाच वेळाधिकारी, आणि त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नव्हता! मोठ्या संघांचा विजेच्या दिव्यांतला पहिला सामना सिनसिनाटीला १९३५ साली झाला. तेव्हापासून सूर्याचीही सत्ता गेली.

आता धाकटीकडे येऊ. १८८७ सालच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण मंडळी येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची तार ऐकायला जमली होती. येल जिंकल्याची तार आली. आनंदाच्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा जुना हातमोजा उचलून दुसऱ्याकडे भिरकावला. त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाचा वार्ताहर तिथे होता. त्याने तो हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने आखणी केली, आणि व्यायामशाळेतच खेळ सुरू झाला. त्या पहिल्या सामन्यात ४१ विरुद्ध ४० धावा झाल्या असे सांगतात. थंडीच्या दिवसांत छपराखाली खेळायचा बेसबॉल म्हणून हा जन्मला. पुढे मिनियापोलिसच्या अग्निशामक दलातल्या लुइस रोबरने १८९५ साली आपल्या बंबवाल्यांच्या व्यायामासाठी असाच एक खेळ मोकळ्या मैदानात बसवला. आग लागली की हातातली काठी टाकून पळायचे, अशा माणसांचा हा खेळ! तो लांबलचक असून चालणारच नव्हता. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ साली वॉल्टर हॅकन्सनने सुचवले, आणि १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा झाल्यावर तेच नाव सर्वत्र रूढ झाले. नवाऐवजी सात डाव, लहान मैदान, खांद्याखालून फेकलेला चेंडू, अशी त्याची ठेवण पक्की झाली.

सात डाव झाले तरी घड्याळ अजून आले नव्हते. ते आणले मुलांनी. म्हणजे मुलांच्या संख्येने, असे म्हणू या.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगे-मुली असा भेद करता येणार नाही, असे त्यात होते. त्याने शाळा-कॉलेजांतल्या मुलींच्या खेळांना मैदाने मिळाली. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संस्थेने १९७४ साली मुलींना प्रवेश दिला आणि त्याच वर्षी सॉफ्टबॉलची शाखाही उघडली. मुली आल्या, संघ वाढले. मैदाने मात्र संघांच्या वेगाने वाढत नसतात. शनिवारी सकाळी एका मैदानावर पहिला सामना, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, चौथा, अशी रांग. त्यात लहान मुलींच्या हातून चेंडू नेमका पडत नाही. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर. असे एकामागून एक होऊ लागले की अर्ध्या तासात एक डावही पुरा होत नाही. पहिला सामना लांबला की चौथ्या सामन्याच्या मुली संध्याकाळपर्यंत उन्हात बसून. एका डावात पाच धावा झाल्या की डाव संपला, असा तोडगा अनेक ठिकाणी काढला गेला. आणि त्याच्याबरोबर आली वेळेची मर्यादा. कुठे पंचाहत्तर मिनिटे, कुठे नव्वद.

वरवर पाहता यात अवघड काय आहे? वेळ संपली, खेळ संपला. पण तसे करून चालत नाही. हा खेळ डावांचा आहे. एका संघाने फलंदाजी करायची आणि दुसऱ्याला ती न देताच वेळ संपली म्हणायचे, हा उघड अन्याय झाला. म्हणून नियम असा केला की मर्यादा उलटल्यावर नवा डाव सुरू करायचा नाही. चालू डाव मात्र पुरा करायचा. आता प्रश्न आला, नवा डाव सुरू होतो कधी? पहिला चेंडू पडतो तेव्हा? की क्षेत्ररक्षक आपापल्या जागी पोहोचतात तेव्हा? बहुतेक ठिकाणी उत्तर दिले आहे ते असे : मागच्या डावातला शेवटचा, म्हणजे तिसरा गडी बाद झाला, त्याच क्षणी पुढचा डाव सुरू झाला असे समजायचे. उत्तर मोठे मार्मिक आहे. दोन डावांच्या मध्ये रेंगाळून वेळ काढायची सोयच त्याने ठेवली नाही.

उदाहरणाने पाहू. सामना चार वाजून सात मिनिटांनी सुरू झाला, मर्यादा पंचाहत्तर मिनिटांची. म्हणजे पाच बावीस. यजमान संघ डावाच्या उत्तरार्धात फलंदाजी करतो. त्याचा तिसरा गडी पाच एकवीसला बाद झाला, तर आणखी एक पुरा डाव खेळायचा. पाच तेविसाला बाद झाला, तर सामना तिथेच संपला. दोन मिनिटांचा फरक, आणि त्यावर दहा वर्षांच्या मुलींना आणखी एकदा फलंदाजी मिळणार की नाही हे ठरायचे! म्हणूनच गुणलेखकाच्या वहीत, वरच्या कोपऱ्यात, ‘प्रारंभ ४.०७’ असे लिहिलेले असते. हा गुणलेखक म्हणजे बहुधा एखाद्या मुलीची आई किंवा वडील. पगार नाही, मान नाही; मांडीवर वही आणि कानाला पेन्सिल. पंच पहिला चेंडू टाकायला सांगतो तेव्हा त्याने वेळ विचारून घ्यायची, लिहायची, आणि दोन्ही शिक्षकांना मोठ्याने सांगायची. काही ठिकाणी वेळ पहिल्या चेंडूपासून मोजतात, काही ठिकाणी पंच आणि शिक्षक यांची सुरुवातीची भेट संपल्यापासून. ते आधी विचारले नाही, तर तंटा ठेवलेलाच.

आणि तंटे होतात. माणसाचा स्वभावच असा की जिथे मोजमाप आले तिथे युक्ती आली. यजमान संघ पुढे आहे, फलंदाजी त्याचीच चालू आहे, तीन मिनिटे उरली आहेत. मग एकीच्या बुटाची नाडी सुटते. दुसरी प्रत्येक चेंडूला शिक्षकाकडे खुणेसाठी बघत राहते. उलट यजमान संघ चार धावांनी मागे असेल, दोन गडी बाद असतील आणि मिनिटभरच उरले असेल, तर बेसवर उभी असलेली मुलगी चेंडू हातातून सुटायच्या आधीच बेस सोडते. सॉफ्टबॉलमध्ये तसे केले की बाद! मुद्दाम बाद व्हायचे, म्हणजे मर्यादेच्या आत नवा डाव सुरू होतो. जिंकण्यासाठी बाद होणे, ही गोष्ट हॅनकॉकला कोणी सांगितली असती तर तो हसला असता. मला मात्र त्या मुलीची कीव येते. तिला आयुष्यभर धावायला शिकवायचे आणि मोक्याच्या वेळी ‘बाद हो’ म्हणून खुणवायचे!

याहून कठोर दुसरी पद्धत आहे. घंटा झाली की खेळ जिथल्या तिथे बंद. डाव अर्धा असेल तर कित्येक स्पर्धांत तो पुसून टाकतात आणि शेवटच्या पुऱ्या झालेल्या डावापर्यंतच्या धावा धरतात. पाहुण्या संघाने पूर्वार्धात पाच धावा काढून आघाडी घेतली, उत्तरार्धात घंटा झाली, की त्या पाच धावा गेल्या. वहीत आहेत, पण निकालात नाहीत. जी मुलगी त्या मोसमात पहिल्यांदा घरापर्यंत धावत आली, तिला हे काय सांगायचे? ही पद्धत वेळापत्रकाच्या सोयीची आहे, खेळाच्या नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही म्हणाल, मग मर्यादाच नको. क्रिकेटने तेही करून पाहिले आहे. १९३९ साली डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांचा अमर्याद वेळेचा कसोटी सामना ३ मार्चला सुरू झाला तो १४ मार्चपर्यंत चालला. जिंकायला ६९६ हव्या असताना इंग्लंडच्या ५ बाद ६५४ झाल्या, पाऊस आला, आणि संघाला बोट गाठायची होती म्हणून सामना अनिर्णित सोडला. वेळाधिकारी नव्हता, तिथे आगबोटीने ते काम केले!

बेसबॉलमधली हकीकत याहून विलक्षण आहे. १८ एप्रिल १९८१, शनिवारची रात्र. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी पॉटकेट आणि रॉचेस्टर या दुय्यम दर्जाच्या संघांचा सामना. दिव्यांत बिघाड झाल्याने तो अर्धा तास उशिरा, आठाच्या सुमारास सुरू झाला. नऊ डावांनंतर बरोबरी. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने एक धाव काढली, तर पॉटकेटनेही काढली, पुन्हा बरोबरी. थंडी एवढी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. त्या लीगचा नियम होता की रात्री बारा पन्नासनंतर नवा डाव सुरू करायचा नाही. अगदी आपल्या मुलींच्या नियमासारखाच. पण त्या वर्षी पंचांना दिलेल्या नियमपुस्तकात तेवढे कलम छापायचे राहून गेले होते! पंच म्हणाले, पुस्तकात नाही, आम्ही थांबवणार नाही. शेवटी लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर यांना टेलिफोनवर गाठले, आणि ईस्टरच्या पहाटे चार वाजून सात मिनिटांनी बत्तिसाव्या डावानंतर खेळ थांबला. सतराशेंहून अधिक प्रेक्षकांपैकी एकोणीस उरले होते. उरलेला खेळ २३ जूनला झाला. तेहतिसाव्या डावात पॉटकेटने ३-२ असा सामना जिंकला, आणि त्याला लागली अवघी अठरा मिनिटे. एकूण खेळ आठ तास पंचवीस मिनिटे.

तेव्हापासून थोरली बहीणही घड्याळाला शरण आली आहे. सॉफ्टबॉलमध्ये बरोबरी झाली की जादा डावाच्या प्रारंभी दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो. ही युक्ती अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगने २०२० साली उचलली. २०२३ साली तर चेंडू टाकणाऱ्यावरच घड्याळ लावले : बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंद, धावपटू असेल तर वीस. त्या एका वर्षात सामन्याचा सरासरी वेळ सुमारे चोवीस मिनिटांनी घटला.

लहान मुलींच्या मैदानावर मात्र मोठे घड्याळ क्वचितच असते. हल्ली गुणलेखकाच्या वहीची जागा पुष्कळ ठिकाणी मोबाइल फोनने घेतली आहे. त्यात धावांच्या शेजारीच मिनिटे उलटी सरकत असतात. तरी अखेरचा शब्द त्या फोनचा नाही. सहसा तो मुख्य पंचाच्या मनगटावरल्या किंवा खिशातल्या घड्याळाचाच असतो, आणि ती दोन घड्याळे सेकंदाला सेकंद जुळतातच असे नाही. म्हणून जाणते गुणलेखक डाव संपताना तिसऱ्या गड्याची खूण करण्याआधी पंचाकडे पाहतात, ‘किती वाजले?’ म्हणून विचारतात, आणि तो आकडा डावाच्या घराखाली बारीक अक्षरात लिहून ठेवतात. मग बादची खूण. मग नव्या डावाच्या पहिल्या मुलीचे नाव, वेळ उरला असेल तर.