कासलबारचे द्वंद्व

आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्याचे मुख्य ठाणे जे कासलबार, त्याचे नाव इतिहासाचे अभ्यासक 1798 च्या फ्रेंच स्वारीसाठी आणि 1879 च्या कुळांच्या चळवळीसाठी घेतात. मला मात्र ते आठवते तेथील लष्करी छावणीच्या आवारात एका कुत्र्यापायी झालेल्या द्वंद्वामुळे.

कासलबारनजीकच्या टरलो येथील जमीनदार जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेराल्ड याने वेस्टपोर्टच्या लॉर्ड आल्टामाँट यांचा ‘प्राइम सार्जंट’ नावाचा भलाथोरला शिकारी कुत्रा गोळी घालून मारला, आणि दारी येणाऱ्या गोरगरिबांवर धावून जाणारे असले माजलेले जनावर आपण यापुढे ठेवू देणार नाही, असा निरोप मागे ठेवला, असे सांगतात. म्हणजे मारणाराही परोपकाराचीच सबब पुढे करीत होता! त्या मुक्या प्राण्याचा कैवार घेतला शेजारच्या गॉलवे परगण्यातील रिचर्ड मार्टिनने. दोघांत अन्य वैरही होते. पण कुत्र्याचा वध मार्टिनच्या मनातून गेला नाही, आणि पिस्तुले झडली तेव्हा तो स्वतः जखमी होऊन प्रतिपक्षी बचावला, तो अंगरख्याखाली चिलखत चढवून आला होता अशी बोलवा मागे ठेवून. पुढे 1786 मध्ये खुनाच्या आरोपावरून फिट्झजेराल्डला याच कासलबारात फाशी झाली.

मार्टिनच्या बॅलिनाहिंच येथील जहागिरीत तलावातील बेटावर एक जुना बुरूज होता, आणि जनावराचा छळ करणाऱ्या कुळाला तो तेथे कोंडून ठेवी, अशी परंपरा आहे. हेतू कितीही उदात्त असला तरी ही रीत मला मान्य होत नाही. कारण तेथे फिर्यादी, मुनसफ आणि तुरुंगाचा दरोगा ही तिन्ही पदे एकाच धन्याकडे होती, आणि कुळाला दाद मागायला जागा नव्हती. म्हणूनच पार्लमेंटात टिंगल सोसून त्याने 1822 साली जो कायदा संमत करविला, तो मला त्याच्या पिस्तुलाहून कितीतरी मोठा वाटतो. घोडा, गाढव, गाय, मेंढी यांना निर्दयपणे वागविणाऱ्यावर कोणीही मनुष्य शपथेवर फिर्याद करू शकेल, गुन्हा शाबीत झाल्यास दहा शिलिंगांपासून पाच पौंडांपर्यंत दंड होईल, आणि फिर्याद निव्वळ त्रास देण्यासाठी केलेली आढळली तर नुकसानी फिर्यादीनेच भरावी, अशी त्याची कलमे होती. शेजाऱ्याला बोलण्याचा हक्क मिळाला, आणि त्या हक्काची जोखीमही त्याच्याच शिरावर आली. पुढे कोर्टात उभ्या केलेल्या गरीब गाडीवाल्याचा दंड मार्टिन कधीकधी स्वतःच्या खिशातून भरी, असेही सांगतात.

परंतु हा कायदा पाहत होता तो चाबूक उगारणारा हात. दाणावैरण न घालणारा हात अजून त्याच्या दृष्टीआडच होता. ती उणीव 1835 च्या इंग्रजी कायद्याने एका ठिकाणी भरून काढली, आणि ते ठिकाण म्हणजे आपल्याकडील गावोगावच्या लोकांना चांगले परिचित असलेला कोंडवाडा. दावणीला कोणी नाही, पाण्याची कुंडी कोरडी, आणि मालक दंड भरायला फिरकत नाही, अशा स्थितीत जनावर चोवीस तासांहून अधिक उपाशी राहिले, तर कोणाही माणसाने आत शिरून त्याला चारापाणी घालावा, आणि त्याबद्दल त्याच्यावर अतिक्रमणाचा दावा चालू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्याच्या कुंपणाआड पाऊल टाकण्याची मुभा कायद्याने दिली, ती हातात वैरण असलेल्या माणसाला.

मार्टिनच्या 1822 च्या कायद्यात कुत्र्याचे नाव नव्हते. ते आले याच 1835 च्या कायद्यात. आणि मार्टिन त्याआधीच, 1834 साली, फ्रान्समधील बूलोन येथे निवर्तला होता.