कागजीपुरा : कागद करणाऱ्या गावाचा इतिहास

दौलताबादचा किल्ला पाहून मंडळी वेरूळकडे निघतात, तेव्हा खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा नावाचे एक लहान गाव लागते. बहुतेकांची गाडी तेथे थांबत नाही. मागे किल्ला, पुढे लेणी, आणि खुलताबादेस औरंगजेबाची कबर; एवढे पाहण्यासारखे असता मधल्या खेड्यात कोण उतरणार? परंतु ह्या तिन्ही ठिकाणांची जी हकीकत आपण वाचतो, ती कशावर तरी लिहिली गेली होती. ज्यावर ती लिहिली गेली तो कागद करणारी माणसे ह्या गावात राहत होती. गावाला नाव मिळाले तेही त्यांच्या धंद्यावरून. म्हणून यंदाच्या व्याख्यानासाठी आम्ही हे गाव निवडले.

प्रथम एक खुलासा करतो. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. आमचे बहुतेक वाचन कारखान्याच्या पाळीनंतर आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे राजे कोणत्या साली गादीवर आले, यापेक्षा त्यांच्या राज्यात काम कोण करीत होते, त्याला काय मिळत होते आणि ते काम पुढे का गेले, हे प्रश्न आम्हांस आधी सुचतात. कागजीपुऱ्याकडे आम्ही त्याच नजरेने पाहणार आहोत.

कागदाची विद्या मूळची चीनमधली. इ. स. १०५ च्या सुमारास त्साइ लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने साली, चिंध्या व जुनी जाळी कुटून कागद करण्याची रीत बादशहापुढे मांडली, असे चिनी बखरकार सांगतात. ७५१ साली तलास नदीकाठी अरबांनी चिनी सैन्याचा पराभव केला. तेथे पकडलेल्या कैद्यांकडून ही विद्या समरकंदला पोहोचली, अशी परंपरा आहे. पुढे बगदाद, कैरो, स्पेन करीत तेराव्या शतकात ती इटलीतील फाब्रियानो गावी स्थिर झाली, आणि दुसऱ्या फाट्याने इराण व मध्य आशियातून हिंदुस्थानात आली. तोवर आपला कारभार ताम्रपटांवर, ताडपत्रांवर आणि भूर्जपत्रांवर चालला होता.

१३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलविली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. ह्या घटनेवर आपल्याकडे विनोदच फार झाले. 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग तर घरोघर रुळला आहे. पण राजधानी हलते तेव्हा एकटा सुलतान हलत नाही. त्याच्यामागून कारकून, मौलवी, सूफी, शिलेदार, विणकर आणि कसबी माणसेही हलतात. कागजी लोकांची वस्ती ह्याच सुमारास येथे झाली, असे गावाकडे सांगतात. सुलतान काही वर्षांत दिल्लीला परतला, परंतु आलेली सगळीच माणसे परतली नाहीत. १३४७ साली ह्याच दौलताबादेत बहामनी राज्याचा पाया घातला गेला. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब हे १३३७ साली निधन पावले. त्यांची वचने त्यांच्या शिष्यांनी लिहून ठेवली. म्हणजे राजधानी गेली तरी लिहिणारे उरले होते, आणि लिहिणारे आहेत तेथे कागद लागणारच.

कारभार वाढला तशी कागदाची गरज वाढली. फर्माने, सनदा, महजर, कौलनामे, जमाखर्चाच्या वह्या, धर्मग्रंथांच्या प्रती, सावकाराच्या हुंड्या, ह्या सर्वांना कागद हवा. मोडी लिपी बोरू शक्य तितका न उचलता धावत लिहावयाची असते. कागद खडबडीत असला तर बोरू अडतो आणि शाई फुटते. म्हणून मोडी लिहिणाऱ्याला घोटीव कागद लागे. दौलताबादी कागदाचे नाव झाले ते ह्या घोटीवपणामुळे. महाराष्ट्रात जुन्नर व एरंडोल हीदेखील कागदाची नामांकित ठिकाणे होती, आणि देशात काश्मीर, सियालकोट, काल्पी, अहमदाबाद व सांगानेर येथे कागजी लोकांच्या वस्त्या होत्या.

एकनाथमहाराजांची एक कथा आपण सर्वांनी कीर्तनातून ऐकली आहे. गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर मोठ्या अधिकारावर होते. त्यांनी नाथांना हिशेब तपासावयास सांगितले. एका पैची चूक सापडेना, म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी वही घेऊन बसले, आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. कीर्तनकार त्यातून एकाग्रतेचा बोध काढतात, तो योग्यच आहे. आमच्या मनात मात्र ही कथा ऐकताना आणखी एक विचार येतो. किल्ल्यावर हिशेबाच्या वह्या होत्या, आणि कागद करणारे गाव किल्ल्याच्या पलीकडे घाट चढला की लागत होते. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्या प्रती करणाऱ्यांना कागद कोणी तरी पुरविलाच असेल. मराठी भाषेवर कागदी माणसांचे उपकार आहेत, असे आम्ही म्हणतो ते एवढ्याच अर्थाने.

आता काम कसे चाले ते पाहू. चिंध्या, गोणपाट, जुने दोर गोळा करून निवडावयाचे. तुकडे करून चुन्याच्या पाण्यात भिजत घालावयाचे. मग पायाने दाबण्याच्या लाकडी ढेकीखाली कुटावयाचे. कुटणे, धुणे आणि पुन्हा कुटणे, असे कित्येक दिवस चाले. तयार झालेला लगदा पाण्याच्या हौदात कालवीत. हौदाच्या काठी बसलेला कारागीर लाकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची चटई ताणून ती पाण्यात बुडवी, सारखी हलवून वर उचली आणि पाणी निथळू देई. चटईवर राहिलेला पातळ थर म्हणजे कागद. तो किती जाड झाला हे मोजण्याचे साधन नव्हते. ते त्या माणसाच्या मनगटाला कळे. असे ओले कागद एकावर एक रचून दाबीत, नंतर एकेक सोडवून गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवीत. वाळल्यावर खळ लावीत आणि पुन्हा वाळला की चकचकीत दगडाने घोटीत. सर्वांत शेवटी कडा कापून चोवीस बंदांचा एक दस्ता, असे बांधीत.

ह्या कामात एका घराचे सगळे हात लागत. निवडणारा, कुटणारा, उचलणारा, घोटणारा, ह्यांपैकी एकाची चूक दुसऱ्याला सुधारता येत नाही. चुना धुऊन निघाला नाही तर कागद पुढे खराब होतो, आणि खळ नीट बसली नाही तर शाई पसरते. हौदाचे काम तर बारा महिने पाण्यातले. पाय पाण्यात, कंबर वाकलेली, हात चुन्याने फाटलेले. जुन्या वस्तूंचे कौतुक करताना हा भाग आपण सहसा सांगत नाही.

ह्या गावाचे सामाजिक स्थान समजण्यासाठी आपल्या गावगाड्याची आठवण करावी लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आम्हांस वाटते. गावातला सुतार, लोहार, कुंभार, न्हावी हे बलुतेदार. ते वर्षभर कुणब्याचे काम करीत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेत. त्यात अन्याय होता, उतरंड होती, महार-मांगांच्या वाट्याला तर अपमान आणि वेठच अधिक आली. परंतु कामाचे व धान्याचे एक नाते होते. पाऊस पडला आणि पीक आले की बलुते चुकत नसे. कागदी मनुष्य ह्या व्यवस्थेत बसत नाही. कुणब्याला कागद कशाला हवा? त्याच्या आयुष्यात कागद आला तो सावकाराच्या खतावर अंगठा उठविण्यापुरता. कागद्याचा माल दरबाराला, मशिदीला, देवळाला, पेढीला जाई, आणि त्याची भाकरी त्या गिऱ्हाइकावर अवलंबून असे. त्याला रोख पैसा दिसे, त्याची कीर्ती दूरवर जाई. पण गिऱ्हाईक फिरले की त्याला खळ्यावरचा वाटा नव्हता. आमच्या मते ह्या गावाच्या भरभराटीचे कारण हेच आणि उताराचे कारणही हेच.

उतार सुरू झाला तो फार लांबून. १७९८ साली फ्रान्समध्ये एसोन येथील कागदाच्या कारखान्यात निकोला-लुई रोबेर नावाच्या हिशेबनिसाने अखंड पट्टा काढणारे यंत्र शोधून काढले. हातकारागिरांच्या नेहमीच्या कुरबुरींना कंटाळून त्याने हा खटाटोप केला, असे सांगतात. कामगार आपल्या मजुरीसाठी भांडतो म्हणून मालकाकडील मनुष्य यंत्राचा विचार करतो, हे आम्हांस काही नवीन नाही! ते यंत्र इंग्लंडात गेले, फूर्द्रिनियर बंधूंनी त्यावर पैसा घातला आणि १८०३ च्या सुमारास ते चालू केले. तेथील हातकागद्यांची संघटना तेव्हा चांगली मजबूत होती. तरीही पुढे काय झाले? १८३० च्या नोव्हेंबरात बकिंगहॅमशायर परगण्यातील हाय विकमच्या आसपासच्या खेड्यांतील उपाशी कागदकऱ्यांनी गिरण्यांत शिरून यंत्रे फोडली. त्यांना पकडले, खटले चालविले आणि कित्येकांना हद्दपार केले. विकमच्या त्या खेड्यांनी कागजीपुऱ्याचे नाव कधी ऐकले नसेल. कागजीपुऱ्यानेही त्यांचे ऐकले नसेल. पण एकाच यंत्राने दोघांच्याही हौदाचे पाणी आटविले.

आपल्याकडे त्यात राज्यकर्त्यांच्या धोरणाची भर पडली. सर चार्ल्स वुड हे १८५९ ते १८६६ ह्या काळात भारतमंत्री होते. सरकारी कचेऱ्यांना लागणारा कागद विलायतेतून घ्यावा, असे त्यांच्या कारकीर्दीत ठरले, आणि ब्रिटिश मुलुखातील हातकागदाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एका हुकमाने गेले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तथापि बाजार सरहद्द मानीत नाही. १८८९ साली औरंगाबादेत कापडाची गिरणी निघाली. १९०० साली मनमाड–हैदराबाद रेल्वे आली. रेल्वेने कापूस बाहेर नेला आणि गिरणीचा स्वस्त माल आत आणला. पुढे निजामाच्या राज्यातच सिरपूरला कागदाची गिरणी उभी राहून १९४२ साली तिचे उत्पादन सुरू झाले. तेव्हा केवळ परक्यांनी बुडविले असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

हा धंदा पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा यांनी हातकागदाकडे विशेष लक्ष दिले. १९४० साली पुण्याला हातकागद संस्था सुरू झाली. पुढे खादी-ग्रामोद्योगाच्या योजना आल्या. कागजीपुऱ्यातही हे काम अगदी नामशेष झाले नाही. मात्र पूर्वी जो रोजच्या कारभाराचा माल होता, तो आता चित्रकारांचा, निमंत्रणपत्रिकांचा आणि प्रवाशांच्या कौतुकाचा माल झाला.

आमच्यावर टीका होईल की कामगार चळवळीतला मनुष्य यंत्राविरुद्ध बोलतो. तसे नाही. गिरणीचा कागद निघाला नसता तर गरिबाच्या मुलाच्या हातात वही आली नसती, वर्तमानपत्र एका आण्याला मिळाले नसते, आणि आमच्यासारख्याला वाचावयास शिकण्याचे कारणच उरले नसते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले ते 'दीनबंधु' पत्र हाताशी धरून, आणि ते पत्र गिरणीच्या स्वस्त कागदाशिवाय चालले नसते. यंत्राने शहाणपणा स्वस्त केला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांच्या हातातले काम गेले त्यांची सोय लावणे हे कोणीच आपले कर्तव्य मानले नाही. विकमला मानले नाही, कागजीपुऱ्यात मानले नाही, आणि चिकलठाणा-वाळूजच्या वसाहतीत एखादे खाते बंद करून तेथे नवे यंत्र बसते तेव्हाही ते मानले जात नाही. पंचवीस वर्षे एकाच यंत्रावर काढलेल्या माणसाला फाटकाबाहेर उभे राहिलेले आम्ही पाहिले आहे. त्याच्या मनगटालाही काही कळत होते. ते कोणी लिहून घेतले नाही.

शेवटी एक अनुभव सांगतो. आमच्या युनियनच्या कचेरीत तीस वर्षांपूर्वीच्या पत्रकांचे व सभांच्या नोंदींचे गठ्ठे आहेत. मागच्या वर्षी ते सोडले, तेव्हा कागद पिवळा पडलेला आणि घडीवर मोडत असलेला आढळला. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यातील आम्लाने आतून जळतो. उलट तीनशे वर्षांपूर्वीची वतनाची सनद चिंध्यांच्या घोटीव कागदावर असल्याने आजही उलगडून वाचता येते. म्हणजे वतनदारांचे हक्क टिकाऊ कागदावर राहिले आणि कामगारांचे लढे नाशवंत कागदावर. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, तो टिकाऊ कागद करणाऱ्यांचे नाव त्या सनदेवर कोठेच नाही. सनद देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, लिहिणाऱ्याचे आहे आणि साक्षीदारांचेही आहे.

हे अजून काही अंशी भरून काढता येईल. ज्या घरांत हे काम झाले त्या घरांतील वृद्ध स्त्रीपुरुषांना कामाचे शब्द, हत्यारांची नावे, मजुरीचे दर आणि सणवार आठवत असतील. विद्यापीठातील मुलांनी एक उन्हाळा तेथे काढावा. आमच्या युनियनची मुलेही बरोबर येतील. जे मिळेल ते लिहून घ्यावे, आणि लिहावयाचे तर कागजीपुऱ्याच्या कागदावरच लिहावे. तो टिकेल, ही खात्री त्या कारागिरांनी आपल्याला आधीच दिलेली आहे.