चित्रा जहाजाचे तेल

आमचे धाटाव समुद्रकाठचे गाव नव्हे. पण जवळून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते, आणि रोह्याच्या बाजारात कोळणीच्या पाटीत काय आले यावरून समुद्राची खुशाली आम्हांला कळते. ऑगस्ट २०१० मध्ये त्या पाटीपुढे गिऱ्हाईकच थांबेना. नारळी पौर्णिमा अजून व्हायची होती. पाटीत होती ती खाडीची मासळी. “दादा, ही आपल्या खारीची मासली हाय,” असे ती बापडी सांगे. मीही ऐकून पुढे गेलो.

झाले होते असे. ७ ऑगस्टला ‘एमएससी चित्रा’ हे जहाज न्हावा-शेव्याहून बाहेर पडत होते आणि ‘खलिजिया-३’ मुंबई बंदरात शिरत होते. तोंडाशीच दोघांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, शेकडो पेट्या पाण्यात पडल्या, आणि अंदाजे ८०० टन तेल सांडले. दोन दिवसांनी गळती थांबली. पण तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्यांकडे निघाला होता.

सांडलेल्या तेलाचे करायचे काय, हे जग ठेचा खातच शिकले आहे. मार्च १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टोरी कॅनियन’ जहाज खडकावर आदळले, तेव्हा लाखाहून अधिक टन तेल वाहून गेले. सरकारने त्यावर बाँब टाकले आणि तेल फोडणारे रसायन हजारो टन ओतले. कित्येक ठिकाणी खडकांवरचे जीव तेलापेक्षा या औषधानेच अधिक मेले. जेथे ते शिंपडले नाही, तो किनारा आधी सावरला.

आपल्याकडे तटरक्षक दलाचा कायदा १९७८ मध्ये झाला, आणि तेलगळतीसाठी राष्ट्रीय आराखडा १९९६ मध्ये. उत्तम उपाय म्हणजे तरंगते बांध घालून तवंग अडवणे व वरचे तेल काढून घेणे. पण श्रावणातल्या खवळलेल्या दर्यात लाट बांधावरून तेल पलीकडे फेकते. म्हणून दलाची जहाजे व हेलिकॉप्टरे तवंगावर रसायन फवारीत राहिली. त्याने तेल नाहीसे होत नाही. बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळते, एवढेच.

वाळूवरचे तेल फावड्याने उचलता येते. तिवरांत शिरले की मात्र माणसाचे हात टेकतात. तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर येतात. त्यांवर तेल बसले की झाड गुदमरते, आणि पुसायला उतरावे तर पायांनी तेच तेल खोल रुतते. तेव्हा खरा इलाज समुद्रातच, तेल काठाला लागण्याआधी. आणि त्याहून खरा, टक्कर होण्याआधी. मागाहून उरतो तो काळाचा उपाय, आणि तो सावकाश चालतो.

कोळणीची ती पाटी मात्र त्या दिवशी तशीच परत गेली. समुद्रात दोन जहाजे चुकली, आणि दंड तिने भरला.