मणिबेलीचे कागद आणि ए-फोरचा मॅक्रो

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासगटासाठी मणिबेलीबद्दलची कागदपत्रं एका वर्ड फाइलमध्ये गोळा करत होतो. मणिबेली म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सगळ्यात आधी गाठलं ते याच गावाला.

फाइलमध्ये तीन विभाग होते. पहिला, १९९४ चा मणिबेली जाहीरनामा; माझ्याकडची प्रत अमेरिकन लेटर मापाची. दुसरा, सुप्रीम कोर्टाचा १८ ऑक्टोबर २००० चा निकाल; ही प्रत लीगल मापाची. तिसरा, मी स्वतः केलेली ए-फोरवरची टिपणं. म्हटलं, एक छोटा मॅक्रो लिहू आणि सगळं ए-फोर करून टाकू. पाच मिनिटांचं काम. शनिवार गेला!

पहिली एरर: मागितलेला कागद निवडलेल्या प्रिंटरवर उपलब्ध नाही. 'पेपरसाइज' ही प्रॉपर्टी प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारून चालते, आणि माझा डिफॉल्ट प्रिंटर होता लेबलं छापणारा. मग रुंदी-उंची थेट दिली, २१० आणि २९७. पण वर्ड मोजतो पॉइंटमध्ये, मिलिमीटरमध्ये नाही. २१० पॉइंट म्हणजे जेमतेम साडेसात सेंटिमीटर! त्यात दोन्ही बाजूंचे समास मावेनात, म्हणून पुन्हा एरर. खरे आकडे ५९५.३ आणि ८४१.९.

तिसरी सगळ्यात मजेशीर. अख्ख्या डॉक्युमेंटची रुंदी विचारली तर उत्तर आलं ९९९९९९९. विभागांची मापं वेगवेगळी असली की वर्ड हा आकडा देतो. अर्थ एवढाच, की एक असं उत्तर नाही. मी तोच आकडा पुढे नव्या विभागाला दिला. वर्डची कमाल मर्यादा १५८४ पॉइंट, म्हणजे २२ इंच. मॅक्रो आपटला. मग प्रत्येक विभागावर वेगळा लूप फिरवला आणि काम झालं.

आता ही मापं आली कुठून? लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १७८६ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं, की बाजूंचं प्रमाण एकास वर्गमूळ दोन असेल तर कागद मधोमध दुमडला तरी प्रमाण तेच राहतं. त्यावर १९२२ मध्ये जर्मनीत ए-मालिकेचं मानक तयार झालं. जगाने ते उचललं, अमेरिका लेटरवर राहिली. आपल्याकडे कचेऱ्यांत ए-फोर रुळला तरी कोर्टात लांब कागदाचा हट्ट बराच काळ टिकला. सुप्रीम कोर्टाने ए-फोरचा नियम लागू केला तो थेट एप्रिल २०२० पासून.

मणिबेलीची गोष्टही अशीच दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये विभागलेली. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. विरोध वाढल्यावर बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ च्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण, दोन्हींवर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. धरणाचं काम मात्र चालूच राहिलं. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी मोठ्या धरणांचं कर्ज थांबवा अशी मागणी बँकेकडे केली, आणि त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरण पुढे न्यायला परवानगी दिली. वेगळं मत न्या. भरुचा यांचं.

तर मॅक्रो चालला, सगळी पानं ए-फोर झाली. आणि मग लक्षात आलं की मी घोळ घालून ठेवलाय. माझ्या टिपणांत जागोजागी "निकाल, पान अमुक" असे संदर्भ होते. लीगल कागदाचा मजकूर ए-फोरवर ओतल्यावर पानं वाढली आणि एकूण एक संदर्भ चुकला. भरुचांचं मत शोधायला गेलो तर त्या पानावर भलताच मजकूर. ज्या गावाच्या बाजूने बोलायला शेवटी कागदच उरलेत, तिथे पान क्रमांक म्हणजे पत्ता असतो. तो मी पुसला होता, तेही सगळं एकसारखं दिसावं म्हणून.

जुनी फाइल परत आणली. आता मॅक्रो पानाला हातच लावत नाही. छापताना फक्त 'प्रिंटआउट'ला झूमची रुंदी-उंची ११९०६ आणि १६८३८ देतो (इथे एकक ट्विप, म्हणजे पॉइंटचा विसावा भाग). मजकूर थोडा बारीक छापतो, पण पान तेच राहतं.

जाता जाता, नव्वदच्या दशकातल्या कागदांत मणिबेलीचा जिल्हा 'धुळे' आहे. चूक नाही ती. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. फाइंड-रिप्लेस करायला हात शिवशिवत होते. नाही केलं. तळटीप दिली.