बारा महिन्यांची रेघ : ऑस्ट्रेलियातील व्हिसा-रद्दीचा इतिहास

आज आपण एका कायद्याच्या एकाच कलमाचा इतिहास बघणार आहोत. ऑस्ट्रेलियाचा १९५८चा स्थलांतर कायदा, कलम ५०१. नागरिक नसलेल्या माणसाने गुन्हा केला, तर त्याचा व्हिसा रद्द करून त्याला देशाबाहेर काढण्याचा अधिकार हे कलम सरकारला देतं. न्यूझीलंडमध्ये तर या कलमाखाली परत आलेल्यांना सरळ 'फाइव्ह-ओ-वन' असंच म्हणतात. कलमाचा आकडा माणसांचं नाव होऊन बसला, यावरून त्याचा परिणाम किती झाला असेल ते लक्षात येईल.

सुरुवातीलाच एक गंमत सांगायला हवी. ही वसाहत १७८८ साली उभी राहिली तीच मुळी ब्रिटनने हद्दपार केलेल्या कैद्यांसाठी. १८६८पर्यंत दीड लाखाहून जास्त कैदी तिथे आले. आणि १९०१ साली सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं, तेव्हा त्याच वर्षी संसदेने कायदा केला तो स्थलांतरावर निर्बंध घालणारा.

हा कायदा आपल्याला माहीत असतो तो श्रुतलेखनाच्या परीक्षेमुळे. अधिकारी युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, येणाऱ्याने तो लिहून दाखवायचा. ही युक्ती नाताळ वसाहतीकडून उचललेली. तिथे १८९७ साली हिंदी लोकांना रोखण्यासाठी वंशाचा उल्लेख न करता युरोपीय भाषेची अट घातली होती. पण त्याच १९०१च्या कायद्यात आणखी एक यादी होती आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. मागच्या तीन वर्षांत ज्याला एक वर्ष किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल, त्यालाही प्रवेश नाही. ही 'एक वर्षा'ची रेघ लक्षात ठेवा, ती पुढे आपल्याला परत भेटणार आहे.

१९५८च्या कायद्याने श्रुतलेखन गेलं. गुन्हेगारांना बाहेर काढायचा अधिकार मात्र राहिला. १९८३ साली त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. कायमचा रहिवासी म्हणून जो दहा वर्षं राहिला, त्याला साधारणपणे गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढायचं नाही. यामागचा विचार साधा होता. माणूस इथे इतकी वर्षं राहिला, तर तो घडला इथेच, बिघडलाही इथेच. मग त्याची जबाबदारी दुसऱ्या देशावर कशी टाकायची?

मग कलम ५०१ आलं कुठून? १९९०च्या दशकात 'चारित्र्य चाचणी' नावाची स्वतंत्र तरतूद कायद्यात आली आणि १९९८ साली, फिलिप रडॉक मंत्री असताना, तिला धार लावण्यात आली. बारा महिने किंवा जास्त शिक्षा झाली की 'लक्षणीय गुन्हेगारी इतिहास' ठरणार आणि माणूस चाचणीत नापास होणार. दहा वर्षांचं संरक्षण कायद्याच्या पुस्तकात तसंच राहिलं, पण ते हद्दपारीच्या कलमाला लागू होतं, व्हिसा रद्द करण्याच्या कलमाला नाही. म्हणजे पुढचं दार बंद ठेवून बाजूचं दार उघडलं. कायद्याच्या इतिहासात मोठे बदल पुष्कळदा असेच होतात. जुना नियम कुणी खोडत नाही, त्याला वळसा घालतात.

याचा अर्थ काय, हे एका खटल्यातून कळतं. १९७३ साली एक मूल स्वीडनमध्ये जन्मलं, कारण आई त्या वेळी माहेरच्या देशात गेली होती. सत्तावीस दिवसांचं असताना ते ऑस्ट्रेलियात आलं, आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. नागरिकत्वाचा अर्ज कुणी केलाच नाही. पुढे त्याच्यावर गंभीर गुन्हे सिद्ध झाले, त्यात बलात्कारही होता. त्या गुन्ह्यांबद्दल सहानुभूती बाळगायचं काही कारण नाही. पण २००४ साली व्हिसा रद्द झाला, २००६ साली उच्च न्यायालयाने, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे, तो निर्णय कायम ठेवला, आणि ज्या देशाची भाषाही येत नाही तिथे त्याला पाठवलं गेलं. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने म्हटलं की ऑस्ट्रेलिया हाच त्याचा 'स्वतःचा देश' होता. सरकारने ते मानलं नाही.

इथे एक कायदेशीर मुद्दा समजून घेऊ. शिक्षा देतं न्यायालय, व्हिसा रद्द करतो मंत्री किंवा त्याचा अधिकारी. न्यायालयांच्या मते व्हिसा रद्द होणं ही शिक्षा नव्हेच, तो समाजाच्या रक्षणाचा उपाय आहे. म्हणून 'एका गुन्ह्याला दोन शिक्षा' हा युक्तिवाद टिकत नाही. आपल्याकडच्या तडीपारीचा आदेशही न्यायाधीश देत नाही. पण तडीपार माणूस जास्तीत जास्त दोन वर्षांनी घरी येतो. इथे परतीची वाट बहुतेक वेळा कायमची बंद होते.

खरा पालट झाला डिसेंबर २०१४ मध्ये. तोवर अधिकारी विचार करून निर्णय घेत. आता बारा महिन्यांची शिक्षा झालेला माणूस तुरुंगात असेल, तर व्हिसा आपोआप रद्द करणं बंधनकारक झालं. दाद मागायची ती नंतर, अठ्ठावीस दिवसांच्या आत. वर्षाला शंभराच्या आत असलेला रद्द व्हिसांचा आकडा दोन-तीन वर्षांत हजाराच्या वर गेला. त्यात सर्वांत मोठा गट न्यूझीलंडच्या लोकांचा, कारण ते तिथे सहज राहायला येतात आणि अनेकजण नागरिकत्व न घेताच राहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी सिडनीत, स्कॉट मॉरिसन शेजारी उभे असताना, यावर उघड नाराजी व्यक्त केली.

त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की आदिवासी ऑस्ट्रेलियन माणूस परदेशात जन्मला आणि नागरिक नसला, तरी त्याला 'परका' म्हणता येणार नाही. ज्यांचे पूर्वज हजारो वर्षं त्या भूमीवर होते, त्यांना हे सिद्ध करायला न्यायालयात जावं लागलं! आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ज्याला पाठवायला देशच नाही, त्याला बेमुदत कोंडून ठेवता येणार नाही.

आता प्रश्न येतो, आपण हे का ऐकायचं? मेलबर्न-सिडनीत आज मराठी कुटुंबं भरपूर आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडायला मन तयार होत नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं 'पीआर'वर राहतो. घर असतं, मुलांची शाळा असते, गणेशोत्सव असतो. पण कायद्याच्या नजरेत तो व्हिसाधारकच.

आमचं म्हणणं असं नाही की कुठल्याच गुन्हेगाराला परत पाठवू नये. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्या बाजूने बघितलं, तर या कलमामागची भावना समजते. प्रश्न रेघ कुठे आणि कुणी ओढायची, हा आहे. १९०१ साली एक वर्षाची रेघ बंदरावर होती, नव्याने येणाऱ्यासाठी. १९९८नंतर तीच रेघ घरात आली, तिथेच लहानाचा मोठा झालेल्यासाठी. आकडा बदलला नाही, पण तो ज्याच्यावर लावायचा तो माणूस बदलला. एवढं नोंदवून आपण थांबू.