समाजशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठ
मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग हा भारतातील सर्वांत जुन्या समाजशास्त्र विभागांपैकी एक आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे पहिले प्राध्यापक स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होते. १९२४ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये विभागप्रमुख झाले.

घुर्ये मूळचे संस्कृतचे अभ्यासक. केंब्रिजला त्यांनी मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यामुळे जात, कुटुंब व विवाह यांचा अभ्यास येथे प्राचीन ग्रंथांच्या आधारेही होई. घुर्ये यांनी स्वतः क्षेत्रकार्य फारसे केले नाही. विद्यार्थ्यांना मात्र ते त्यासाठी आवर्जून पाठवीत. इरावती कर्वे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला. एम. एन. श्रीनिवास यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंबावरील प्रबंध १९४२ मध्ये ग्रंथरूपाने आला. याच श्रीनिवासांनी पुढे ग्रंथांपेक्षा प्रत्यक्ष गावाच्या निरीक्षणाला महत्त्व दिले, तर घुर्ये यांचे दुसरे विद्यार्थी अ. र. देसाई मार्क्सवादी मांडणीकडे वळले.